मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे प्रकाशन आणि पॅकेज चाचणी

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे प्रकाशन म्हणजे सतत बदलत असलेल्या स्रोत संकेतातून ठरावीक क्षणी एक आवृत्ती वेगळी काढून, तिला क्रमांक देऊन ती वापरकर्त्यांच्या हाती सोपवण्याची प्रक्रिया होय. लिनक्सवर आधारित वितरणांमध्ये (उदा. डेबियन, फेडोरा, उबुंटू) अशा हजारो स्वतंत्र प्रकल्पांच्या आवृत्त्या पॅकेज स्वरूपात एकत्र बांधल्या जातात. प्रत्येक पॅकेज बसते का, चालते का, आणि त्याच्यामुळे शेजारचे दुसरे पॅकेज मोडते का, हे तपासण्याच्या कामाला पॅकेज चाचणी म्हणतात. प्रकाशन केव्हा करावे आणि चाचणी किती काळ चालावी, हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. चाचणी लांबली तर आवृत्ती शिळी होते, आणि घाई झाली तर दोष थेट वापरकर्त्याच्या संगणकावर पोहोचतो.

प्रकाशनाची वेळ

प्रकाशनाची वेळ ठरवण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिलीत ठरलेली वैशिष्ट्ये पूर्ण होईपर्यंत थांबतात. दुसरीत तारीख आधी ठरते आणि त्या तारखेपर्यंत जे तयार असेल तेवढेच आवृत्तीत जाते. ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पाने २००२ साली २.० आवृत्ती काढल्यानंतर दर सहा महिन्यांनी प्रकाशनाचा मार्ग स्वीकारला. उबुंटूने तर वर्ष आणि महिना हाच आवृत्तीचा क्रमांक केला. ४.१० ही तिची पहिली आवृत्ती, म्हणजे २००४ सालचा ऑक्टोबर महिना. लिनक्स गाभ्याचे चक्र याहून लहान आहे. नवे बदल स्वीकारण्यासाठी साधारण दोन आठवडे दिले जातात, त्यानंतर दर आठवड्याला एक चाचणी आवृत्ती निघते आणि नऊ-दहा आठवड्यांत अंतिम आवृत्ती बाहेर पडते.

डेबियनचा प्रवास या संदर्भात नेहमी सांगितला जातो. ‘वुडी’ ही आवृत्ती १९ जुलै २००२ रोजी आली आणि तिच्यानंतरची ‘सार्ज’ ६ जून २००५ रोजी. या जवळजवळ तीन वर्षांत प्रतिष्ठापनेचा कार्यक्रम नव्याने लिहिला गेला. स्थिर आवृत्ती वापरणाऱ्यांना मात्र तोवर जुन्याच सॉफ्टवेअरवर भागवावे लागले. याच काळात डेबियनच्याच पायावर उभ्या राहिलेल्या उबुंटूने सहामाही वेळापत्रक आणले, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. पुढे डेबियननेही सुमारे दोन वर्षांचा ठेका धरला. १० जून २०२३ रोजी प्रकाशित झालेल्या ‘बुकवर्म’ या आवृत्तीत ६४,४१९ पॅकेजे होती.

तारीख पाळणे म्हणजे हट्ट धरणे नव्हे. उबुंटूची दीर्घकाळ पाठबळ असलेली पहिली आवृत्ती एप्रिल २००६ मध्ये यायची होती. ती जूनपर्यंत पुढे ढकलली गेली आणि म्हणून तिचा क्रमांक ६.०४ ऐवजी ६.०६ झाला. त्या काळी उबुंटूच्या सीडी जगभर टपालाने विनामूल्य पाठवल्या जात आणि ही योजना २०११ पर्यंत चालली. छापून रवाना झालेल्या तबकडीतील चूक मागे घेता येत नाही. त्यामुळे प्रकाशनाच्या दिवशीची प्रत शुद्ध असणे तेव्हा आजच्यापेक्षा अधिक महत्त्वाचे होते.

पॅकेजचा प्रवास

डेबियनमध्ये नवे पॅकेज प्रथम ‘अस्थिर’ शाखेत येते. तेथून ते ‘चाचणी’ शाखेत आपोआप जाते, पण काही अटी पूर्ण झाल्यावरच. ठरावीक दिवस उलटलेले असावे लागतात. तातडीच्या श्रेणीनुसार पूर्वापार हे दिवस दोन, पाच किंवा दहा असे आहेत. ज्या संगणक-रचनांवर ते पॅकेज आधी उपलब्ध होते त्या सर्वांवर ते पुन्हा बांधले गेलेले असावे लागते. प्रकाशन अडवण्याइतका गंभीर असा नवा दोष त्यात नसावा, आणि त्याच्या येण्याने दुसरे कोणतेही पॅकेज बसवण्यास अयोग्य होऊ नये. शेवटची अट वाचायला साधी वाटते, परंतु सर्वाधिक अडवणूक तिच्यामुळेच होते. एखादे ग्रंथालय, म्हणजे अनेक कार्यक्रमांच्या वापरातला सामायिक संकेत, बदलले की त्यावर विसंबून असलेली शेकडो पॅकेजे पुन्हा बांधावी लागतात. मग ती सर्व एकाच वेळी पुढे सरकतात किंवा कोणीच सरकत नाही.

चाचण्यांचे प्रकारही वेगवेगळे आहेत. ‘लिंटियन’ हा कार्यक्रम पॅकेजची रचना नियमांना धरून आहे का ते पाहतो. ‘पायुपार्ट्स’ पॅकेज बसवून, अद्ययावत करून, काढून टाकून पाहतो आणि मागे काही कचरा राहिला का ते तपासतो. ‘ऑटोपीकेजीटेस्ट’ बसवलेल्या पॅकेजवर प्रत्यक्ष चाचण्या चालवतो, शिवाय त्यावर अवलंबून असलेल्या पॅकेजांच्या चाचण्याही पुन्हा घेतो. पूर्वी उत्तीर्ण होणारी चाचणी नव्या आवृत्तीमुळे अनुत्तीर्ण झाली तर त्या आवृत्तीची वाट अडते. उलटपक्षी, चाचणी यशस्वी झाली तर प्रतीक्षेचे दिवस कमी होऊ शकतात.

फेडोरामध्ये यंत्राबरोबर माणसाच्या मतालाही औपचारिक स्थान आहे. अद्यतन प्रथम चाचणी भांडारात जाते. स्वयंसेवक ते वापरून अधिक किंवा उणे गुण देतात, आणि पुरेसे अधिक गुण मिळाल्यास किंवा ठरावीक मुदत संपल्यास ते सर्वांसाठी खुले होते. नवी आवृत्ती प्रसिद्ध करायची की नाही यासाठी स्वतंत्र बैठक होते. ‘अडथळा’ ठरवलेला एकही दोष शिल्लक असेल तर तारीख पुढे जाते. प्रतिष्ठापना कार्यक्रम नव्याने लिहिल्यामुळे फेडोरा १८ नोव्हेंबर २०१२ ऐवजी १५ जानेवारी २०१३ रोजी आली. फेडोरा ३७ ही ओपनएसएसएलमधील जाहीर होऊ घातलेल्या दोषाच्या दुरुस्तीसाठी थांबली आणि १५ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रकाशित झाली. प्रत्यक्षात तो दोष आधी सांगितल्यापेक्षा कमी गंभीर निघाला.

गोठवणूक आणि मराठी

प्रकाशनाची तारीख जवळ आली की नवे बदल घेणे टप्प्याटप्प्याने बंद करतात. याला गोठवणूक म्हणतात. तिचा एक प्रकार मराठीसारख्या भाषांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे, तो म्हणजे मजकुराची गोठवणूक. पडद्यावर दिसणारी इंग्रजी वाक्ये एका तारखेनंतर बदलायची नाहीत, असा हा नियम आहे. भाषांतरकार बहुधा स्वयंसेवक असतात आणि त्यांच्या हाती तेवढेच काही आठवडे उरतात. विकासकाने शेवटच्या क्षणी एक वाक्य बदलले, तर त्या वाक्याचे तयार भाषांतर सर्व भाषांतून एकदम बाद होते आणि मराठी पडद्यावर मध्येच एक इंग्रजी ओळ उमटते. ग्नोम प्रकल्पाच्या प्रकाशन टिपणांत किमान ८० टक्के मजकूर भाषांतरित असलेल्या भाषांची वेगळी नोंद होत असे, म्हणून या मुदतीला प्रतिष्ठेचाही रंग होता.

डेबियनच्या प्रतिष्ठापना कार्यक्रमात मराठी भाषा ‘लेनी’ या आवृत्तीपासून आली. ही आवृत्ती १४ फेब्रुवारी २००९ रोजी प्रकाशित झाली आणि ६३ भाषांत बसवता येत होती. मराठीबरोबर अम्हारिक, आयरिश, उत्तरी सामी आणि सर्बियन या भाषाही नव्याने समाविष्ट झाल्या. त्याच आवृत्तीत एस्टोनियन भाषा मात्र निष्क्रिय करण्यात आली, जरी आधीच्या ‘एच’ आवृत्तीत ती उपलब्ध होती. एकदा मिळालेले स्थान कायमचे नसते. प्रत्येक प्रकाशनापूर्वी कोणीतरी बसून भाषांतर अद्ययावत करावे लागते.

देवनागरीची चाचणी

मराठी मजकूर पडद्यावर नीट दिसण्यासाठी युनिकोड, टंक, अक्षरजुळणी करणारे ग्रंथालय आणि कळफलक या चारही गोष्टी एकाच आवृत्तीत जुळून याव्या लागतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ सालच्या ५.१ आवृत्तीत आले. त्याआधी गोठवलेल्या कोणत्याही प्रणालीत ते असणे शक्य नव्हते, आणि त्यानंतरही ज्या टंकांचे अद्यतन झाले नाही त्यांत त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसे.

मराठीची खास कसोटी म्हणजे अर्धा र. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ हे दोन वेगळे शब्द आहेत. एक गुरूला उद्देशून, दुसरा स्वयंपाक्याला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. अक्षरजुळणीच्या ग्रंथालयात लहानसा बदल झाला आणि हा फरक पुसला गेला, तरी पॅकेज व्यवस्थित बांधले जाते, बसते आणि चालते. यंत्राच्या दृष्टीने सर्व चाचण्या उत्तीर्ण होतात. म्हणून ‘हार्फबझ’ या अक्षरजुळणी ग्रंथालयात दिलेल्या वर्णक्रमातून कोणत्या आकृती निघाव्यात याच्या नोंदी चाचण्यांत ठेवलेल्या असतात. तरीही मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ योग्य जागी येतो का, हे शेवटी मराठी वाचणाऱ्या डोळ्यांनीच पाहावे लागते.

या कामाशी पुण्याचा जवळचा संबंध आहे. ‘लोहित’ टंकसंचातील आरंभीचे टंक पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने तयार केले आणि रेड हॅटने ते २००४ साली मुक्त परवान्याखाली प्रकाशित केले. २०११ मध्ये त्यांचा परवाना बदलून टंकांसाठीचा खास मुक्त परवाना स्वीकारण्यात आला. फेडोराची वापरकर्ते व विकासक परिषद पुण्यात दोनदा भरली. पहिली ४ ते ६ नोव्हेंबर २०११ या काळात अभियांत्रिकी महाविद्यालयात झाली आणि लगेच दोन दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, फेडोरा १६ प्रकाशित झाली. दुसरी परिषद जून २०१५ मध्ये झाली. फेडोरात भाषाविषयक चाचणीसाठी वेगळे दिवस राखून ठेवले जातात आणि कळफलक, टंक, भाषांतर यांची तपासणी त्या दिवसांत होते.

रुपयाच्या चिन्हाची गोष्ट वेळेच्या दृष्टीने लक्षणीय आहे. आयआयटी मुंबईशी संबंधित डी. उदय कुमार यांनी रेखाटलेले ₹ हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. युनिकोडची ६.० आवृत्ती, जिच्यात त्याला अधिकृत स्थान मिळाले, ११ ऑक्टोबर २०१० रोजी आली. उबुंटू १०.१० त्याच्या आदल्या दिवशी प्रकाशित झाली आणि तिच्या टंकात हे चिन्ह होते. चिन्ह स्वीकारले जाणे आणि सहामाही चक्राची मुदत यांची गाठ पडली नसती, तर तेच चिन्ह एप्रिल २०११ पर्यंत थांबले असते.

चाचणीच्या मर्यादा

डेबियनमध्ये २००६ साली ओपनएसएसएल पॅकेजात एक बदल करण्यात आला. दोष शोधणाऱ्या साधनाने दिलेला इशारा बंद करणे एवढाच त्याचा हेतू होता. त्यामुळे यादृच्छिक संख्या जवळजवळ यादृच्छिक राहिल्या नाहीत आणि तयार होणाऱ्या गुप्त किल्ल्या मोजक्या हजारांच्या संचात सामावल्या. कार्यक्रम बिनतक्रार चालत असल्याने दोष ‘एच’ या स्थिर आवृत्तीत गेला आणि १३ मे २००८ रोजी जाहीर झाला.

२०२४ सालच्या ‘एक्सझेड’ प्रकरणात चाचणीच हल्ल्याचे साधन बनली. फाइली आकुंचित करणाऱ्या या ग्रंथालयाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, दीर्घकाळ विश्वास संपादन केलेल्या एका सहदेखभालकर्त्याच्या नावाने छुपा दरवाजा घालण्यात आला होता. घातक भाग चाचणीसाठीच्या नमुना फाइलींत दडवलेला होता आणि तो कार्यान्वित करणारा तुकडा फक्त प्रकाशित संचिकेत होता, सार्वजनिक स्रोत भांडारात नव्हता. फेडोरातील चाचण्यांत विचित्र इशारे दिसले, परंतु त्यांचे कारण दुसरीकडे असल्याचे भासवून नवी ‘सुधारित’ आवृत्ती पुरवण्यात आली. वितरणांच्या वसंतातील आवृत्त्या गोठण्यापूर्वी हे पॅकेज आत जावे यासाठी आग्रह धरला गेला होता. म्हणजे हल्लेखोराने प्रकाशनाचे वेळापत्रक नीट अभ्यासलेले होते. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस-विकासकाला डेबियनच्या अस्थिर शाखेवर दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले आणि त्याने २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघड केला. तोवर तो डेबियनच्या चाचणी शाखेत आणि फेडोराच्या विकसनशील आवृत्त्यांत पोहोचला होता. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत मात्र नव्हता, कारण तिथे नवी पॅकेजे अशी सहज जात नाहीत.

यानंतर उबुंटू २४.०४ ची चाचणी आवृत्ती एक आठवडा पुढे ढकलून, २६ फेब्रुवारीनंतर बांधलेली सर्व पॅकेजे काढून नव्याने बांधण्यात आली. अंतिम आवृत्ती २५ एप्रिल २०२४ या दिवशी प्रकाशित झाली. डेबियनची १२.६ ही दुरुस्ती आवृत्ती एप्रिलऐवजी २९ जून २०२४ रोजी आली.