बाळंतिणीचा पास्ता

ताईला मुलगी झाली, त्याला दोन महिने झाले होते. ती माहेरीच होती. आई सकाळी तिच्यापुढे अळिवाचा लाडू ठेवायची, दुपारी भातावर तुपाची धार धरायची आणि ताई तो तुपाळ भात चमच्याने कडेला सारायची. एका दुपारी तिने फोन आईसमोर धरला. फोटोत एका वाटीत झुकिनीच्या लांब, हिरवट नूडल्स होत्या आणि त्यांच्यावर फ्लॉवरचा पांढराशुभ्र सॉस. नाव होतं 'लाइट अल्फ्रेडो'.

"आई, आजपासून मी हे खाणार. पोट बघ माझं किती सुटलंय."

आईने चष्मा लावून नीट पाहिलं. "अगं, ही तर भाजी नुसती. हे काय बाळंतिणीचं खाणं आहे?"

मी तेव्हा हसले होते. नंतर या पदार्थाचा इतिहास वाचत गेले आणि हसू ओसरलं. कारण अल्फ्रेडो हे मुळात बाळंतिणीचंच खाणं होतं.

गोष्ट १९०८ सालच्या रोममधली. अल्फ्रेडो दि लेलिओ हा तरुण पियाझ्झा रोझा नावाच्या चौकात आपल्या आईच्या छोट्या खाणावळीत काम करायचा. त्याची बायको इनेस पहिल्या मुलाच्या जन्मानंतर फार अशक्त झाली. तिची अन्नावरची वासनाच उडाली. तेव्हा अल्फ्रेडोने अंडी घालून मळलेल्या पिठाच्या रुंद पट्ट्या, म्हणजे फेत्तुचिने, उकडल्या आणि ताजं लोणी नि किसलेलं पार्मेजान चीज यांत घोळून तिच्यापुढे ठेवल्या. इनेसला त्या आवडल्या, आणि हे खाणावळीत ठेवू या असं तिनेच सुचवलं. ही दि लेलिओ कुटुंबात सांगितली जाणारी कथा आहे, आणि घरच्या कथांना लोणी नेहमीच थोडं जास्त लागलेलं असतं. पण कथेचा गाभा पटण्यासारखा आहे. लोणी-चीज घातलेला साधा पांढरा पास्ता इटलीत आजही आजाऱ्याला, पोट बिघडलेल्याला, लहान मुलाला देतात. आपल्याकडच्या मऊ भातासारखाच.

अल्फ्रेडोने तो शोधून काढला असंही नाही. पंधराव्या शतकातला आचारी मार्तिनो याच्या पाककृतींच्या ग्रंथात लोणी, चीज आणि मसाले घातलेल्या रुंद पट्ट्यांची कृती आहे. अल्फ्रेडोने केलं ते इतकंच की लोणी सढळ हाताने वाढवलं आणि पास्ता कालवण्याचा सोहळा केला. १९१४ साली त्याने विया देल्ला स्क्रोफा या रस्त्यावर स्वतःचं रेस्तराँ काढलं. तिथे गिऱ्हाइकासमोर तो पास्ता उलटसुलट घोळायचा. १९२० मध्ये हॉलीवूडचे तारे मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स मधुचंद्राला रोममध्ये आले, या पास्त्यावर खूश झाले आणि पुढे त्यांनी अल्फ्रेडोला सोन्याचा काटा-चमचा भेट दिला. पदार्थ अमेरिकेत पोचला तो या कीर्तीवर स्वार होऊन.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या मूळ पदार्थात क्रीम नाही. मैद्याचा व्हाइट सॉसही नाही. मग तो दाट, मखमली कसा होतो? पास्ता उकळताना त्याचा स्टार्च पाण्यात उतरतो. त्या पाण्याचे दोन चमचे, लोणी आणि बारीक किसलेलं चीज गरम पास्त्यासोबत घोळत राहिलं की स्टार्च लोण्याला आणि पाण्याला धरून ठेवतो. तूप वेगळं सुटत नाही, सॉस मिळून येतो. सगळी करामत हाताची आणि वेळेची. जरा चुकलं की चीजच्या गुठळ्या होतात.

क्रीम मात्र चुका पोटात घालतं. अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांनी तोच सोपा रस्ता धरला. १९६६ साली तिथल्या एका नूडल कंपनीने फेत्तुचिनेच्या पाकिटावर अल्फ्रेडोची कृती छापली, त्यात क्रीम आणि स्विस चीजही होतं. पुढे रेस्तराँच्या साखळ्यांनी प्लेटा मोठ्या केल्या आणि सॉस आणखी जड केला. अशक्त बाईच्या घशाखाली उतरावं म्हणून केलेलं खाणं जडपणाचा नमुना ठरलं. १९९४ मध्ये ग्राहकांच्या बाजूने लढणाऱ्या एका अमेरिकी संस्थेने तर त्याला थेट हृदयविकाराच्या झटक्याची उपमा दिली.

पण गुन्हेगार कोण, क्रीम की पास्ता? याचं उत्तर दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत गेलं. १९९२ च्या अमेरिकी सरकारी आहार-पिरॅमिडमध्ये ब्रेड, भात आणि पास्ता तळाशी होते. रोज ६ ते ११ वाढपं खा, असा सल्ला होता. तेव्हा पास्ता निर्दोष आणि लोणी दोषी. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांनी १९७२ पासूनच याच्या अगदी उलट मत मांडलं होतं, आणि २००३-०४ च्या सुमारास त्यांच्या लो-कार्ब आहाराची लाट आली. आता क्रीम सुटलं आणि पास्ता पिंजऱ्यात उभा राहिला. त्यानंतरच्या दशकात झुकिनीच्या नूडल्स घरोघरी पोचल्या त्या या वातावरणात. अली माफुची यांचं भाज्यांच्या नूडल्सवरचं पुस्तक २०१५ मध्ये आलं आणि हाताने फिरवायचं कातण यंत्र ओट्यावर स्थिरावलं. ताईच्या फोनवरच्या वाटीत तर दोन्ही आरोपींना हद्दपार केलं होतं. पास्ता नाही आणि क्रीमही नाही.

त्या झुकिनीचा प्रवासही मजेदार आहे. भोपळ्याच्या कुळातली ही वेल मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसानंतर ती युरोपात गेली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीत तिला आजचं लांबट रूप आलं, आणि इटालियन स्थलांतरितांसोबत ती अमेरिकेत परतली. शेवटी तिने इटालियनांच्याच ताटातून पास्ता हटवला. भाजीचे लांब धागे काढण्याची कला मात्र त्याहून जुनी आहे. जपानी आचारी मुळ्याचा अखंड पातळ पापुद्रा सोलून त्याचे केसासारखे धागे काढतात आणि कच्च्या माशाच्या फोडींसोबत मांडतात.

आम्ही ताईसाठी ती वाटी केली. पहिला प्रयत्न फसला. सॉस ओतला आणि पाच मिनिटांत ताटात पाण्याचं तळं झालं. कारण उघड आहे. झुकिनीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी आणि स्टार्च नावालाच. सॉसला धरून ठेवणारा गडीच गैरहजर. आईने एका वाक्यात निकाल दिला: "काकडीला मीठ लावून पिळत नाही का आपण?"

दुसऱ्या वेळी नूडल्सना मीठ चोळून वीस मिनिटं चाळणीत ठेवलं आणि फडक्यात घट्ट पिळलं. फ्लॉवर आणि चार लसूणपाकळ्या दुधात मऊ शिजवून मिक्सरमधून गुळगुळीत वाटल्या. त्यात चमचाभर लोणी आणि किसलेलं चीज. रुंद कढईत मोठ्या आचेवर नूडल्स दोनच मिनिटं परतल्या आणि गॅस बंद करून सॉस घातला. वरून मिरपूड. मीठ चाखूनच, कारण चीज खारट असतं. छान झालं होतं, खोटं कशाला बोलू?

पण शंभर ग्रॅम शिजलेल्या पास्त्यात दीडशेच्या वर कॅलरी असतात आणि तेवढ्याच झुकिनीत वीससुद्धा नसतात. अंगावर पाजणाऱ्या आईला रोज पाचेकशे कॅलरी जास्त लागतात. ताई वाटी संपवून तासाभरात भुकेने कासावीस झाली. मी तिला इनेसची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिला कुणी म्हणालं नाही वाटतं, दोन महिन्यांत पहिल्यासारखी हो म्हणून."

हल्ली रविवारी आमच्याकडे दोन कढया चढतात. झुकिनीची बाबांसाठी, कारण त्यांना मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी मैदा नि भात बेतानेच खायला सांगितलाय. दुसरीत फेत्तुचिने, लोणी आणि चीज, बाकी काही नाही. ती ताईची. आई दोन्हींतलं चाखते आणि दोन्हींत मीठ कमी आहे म्हणते.