लघवीची साक्ष

काल काय जेवलात असं कुणी विचारलं तर आपण चटकन सांगतो. नैयायिकांच्या भाषेत हे शब्दप्रमाण. सांगणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह, असेल तरच ते चालतं. आहारविज्ञानाची पंचाईत अशी, की माणूस खोटं बोलत नसला तरी इथे आप्त ठरत नाही. दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात, मधल्या वेळचा फरसाण तो विसरतो. मग आहाराचा आणि रोगाचा संबंध लावायचा तो कुणाच्या शब्दावर?

तेव्हा अनुमानाकडे वळावं लागतं. प्रथिनांतला बराचसा नायट्रोजन लघवीवाटे बाहेर पडतो. योहान केल्डाल यांनी १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजण्याची सोपी रीत काढली, ती बिअरच्या धान्यासाठी! पुढे १९०४ मध्ये येलच्या रसेल चिटेंडन यांनी लघवीतला नायट्रोजन मोजत दाखवलं, की म्युनिकच्या फॉइट यांनी सांगितलेल्या रोजच्या ११८ ग्रॅम प्रथिनांच्या निम्म्यातही माणूस ठणठणीत राहतो.

पण धूर दिसला म्हणजे अग्नी आहेच, हे म्हणायला व्याप्ती पक्की हवी. चोवीस तासांची लघवी पूर्ण गोळा झाली नसेल तर? केंब्रिजच्या शीला बिंगहॅम यांनी १९८० च्या दशकात यावर तोड काढली. पॅरा-अमिनोबेन्झॉइक आम्लाच्या ८० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या दिवसभरात द्यायच्या. त्यातलं ८५ टक्क्यांहून कमी लघवीत सापडलं, तर नमुना अपुरा धरायचा. साक्षीदाराचीच उलटतपासणी म्हणा ना!

नंतर नजर आणखी सूक्ष्म झाली. सोयाबीनमधले आयसोफ्लेव्होन लघवीत फार थोडे, आणि तेही बहुतेक ग्लुक्युरोनिक आम्लाला चिकटलेले असतात. आधी विकर घालून ते सोडवायचे, मग बारीक नळीतल्या शोषक थरावर धरून ठेवायचे, बाकीचं धुऊन टाकायचं, द्रावकानं उतरवून घ्यायचे आणि शेवटी वस्तुमान-वर्णपटमापकात घालायचे. इतकं केल्यावर अब्जांश ग्रॅमदेखील दिसतो.

तरी एक गाठ उरतेच. सोयाबीनपासून इक्वॉल तयार करणारे जिवाणू सगळ्यांच्या आतड्यात नसतात. दोघांनी एकाच ताटातलं सोयाबीन खाल्लं तरी एकाच्या लघवीत इक्वॉल मिळेल, दुसऱ्याच्या नाही. तेवढ्यावरून दुसऱ्यानं ते खाल्लंच नाही म्हणाल? यंत्र चिन्ह अचूक मोजतं. त्या चिन्हाचा अर्थ कोणत्या अटीवर लागतो, हे मात्र आपल्यालाच तपासावं लागतं. तर्कशास्त्राची गरज प्रयोगशाळेत संपत नाही, ती तिथे वाढते.