मागितलं कुणाकडे? केडगाव, दुष्काळ आणि पंडिता रमाबाई

शीळफाट्याला वेळेवर पोहोचणं हीच एक प्रार्थना असते, हे कल्याण रस्त्यावरून आलेल्यांना सांगायला नको. ज्यांची फळाला आली ते पुढे बसलेत, बाकीचे येतील हळूहळू.

आमचा विषय तत्त्वज्ञानाचा. तिथे प्रश्न असा असतो की प्रार्थना केली, नंतर मागितलेलं मिळालं, पण 'नंतर' म्हणजे 'म्हणून' का? वर्गात आम्ही आयुष्यभर 'नाही' असंच शिकवलं, आजही तेच म्हणू. पण पंडिता रमाबाईंपुढे हे उत्तर तोकडं पडतं. कारण हा प्रश्न त्यांना आमच्या कितीतरी आधी पडला होता, आणि तोही उपाशीपोटी.

1858 सालचा त्यांचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंब घेऊन तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडायचे. 1870च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. व्रतं झाली, दानं झाली, दागिने गेले, भांडी गेली. शेवटी झाडपाला आणि पाणी यांवर दिवस काढले. आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण गेली. म्हणजे उत्तर न मिळालेली प्रार्थना काय असते, हे त्यांना पुस्तकातून कळायचं नव्हतं.

1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, 1889 साली मुंबईत शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्याला. 1893चा वाद आपल्याला माहीत आहेच: मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून ओरड झाली आणि रानडे-भांडारकरांनीही सल्लागार मंडळ सोडलं. तिथे थांबत नाही.

आपला मुद्दा सुरू होतो 1896 साली. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. जुनी भूक आठवत असतानाही बाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, त्यामुळे तिथे ठेवायची सोय नाही. मग केडगावची शेतजमीन, जी खरं तर फळबागेच्या उत्पन्नासाठी घेतलेली, तीच आसरा झाली. आणि अमेरिकेतल्या मंडळींनी मदत कबूल केली होती ती दहा वर्षांपुरती. ती मुदत 1898 साली संपत होती. पानावर माणसं वाढलेली आणि नेमका त्याच वेळी हमीचा पैसा बंद!

ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर अनाथाश्रम चालवायचे, कुणाकडे वर्गणी न मागता, फक्त प्रार्थना करून. त्यांचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं. केडगावचं मुक्ती सदन त्यांनी तशाच भरवशावर चालवलं. 1900च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. रोज दोन हजार ताटं!

आता आमच्यातला मास्तर बोलतो. म्यूलर वार्षिक अहवाल छापायचे, मुक्तीचंही पत्रक परदेशी जायचं. 'सांगणं' आणि 'मागणं' यांतली भिंत पातळच म्हणायची. वाचणाऱ्याचा हात खिशाकडे जाणारच. शिवाय, भुकेल्या मुलीला जिथे भाकरी मिळते तिथला देव तिने पत्करला, तर त्यात तिची मर्जी किती? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आणि तो खोडसाळ नव्हता.

पण दुसरी बाजूही बघा. शारदा सदनात देणगीदारांची अट होती, धर्म शिकवायचा नाही. केडगावात अट घालणारं कुणी उरलं नाही. देवाकडेच मागायचं ठरवलं, की माणसांचं ओझं थोडं उतरतं. बाई हात जोडून नुसत्या बसल्याही नाहीत. विहिरी खणल्या, माग बसवले, छापखाना काढला. 1897 साली पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात बायकांना कसं वागवतात, याबद्दल सरकारविरुद्ध वर्तमानपत्रात खरमरीत पत्र लिहिलं. प्रार्थना करणारी बाई सरकारला घाबरत नव्हती, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

शेवटची गोष्ट. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. सांगतात की, मुद्रितं तपासून होईपर्यंत दहा दिवस दे, असं त्यांनी देवाकडे मागितलं. काम संपलं आणि 5 एप्रिल 1922ला त्या गेल्या. मुक्तीत ही कथा आवडीने सांगतात. पण त्याआधी, 1921 साली, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली होती. चाळिशीची, आईनंतर सगळं सांभाळायची तीच. तिच्यासाठी आईने काहीच मागितलं नसेल, असं आम्हाला तरी म्हणवत नाही. आणि तरीही मुद्रितं तपासायचं काम बाईंनी सोडलं नाही.

हं, विचारा आता प्रश्न.