रुप्यावर उमटलेला संसार

ग्रंथ खोटें बोलूं शकतो, नाणें खोटें बोलत नाहीं, असें इतिहासाचे अभ्यासक पुष्कळदां म्हणतात. आम्हीही विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें हेंच सांगत आलों. परंतु रोमन सम्राज्ञी प्लॉटिला हिचीं नाणीं वाचल्यापासून आमची ती श्रद्धा डळमळली आहे.

इ. स. २०२ मध्यें सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस यानें आपला चौदा वर्षांचा पुत्र कॅराकॅला याचा विवाह, राजरक्षक सैन्याचा अधिपति प्लॉटिआनस याच्या या कन्येशीं लावून दिला. त्या वेळीं पाडलेल्या डिनेरियस नामक रुप्याच्या नाण्यांवर एका बाजूस वधूचें मुख आहे. दुसऱ्या बाजूस वधूवर हातांत हात घेऊन उभीं आहेत. भोंवतीं लेख आहे, 'अक्षय्य सामंजस्यास'. कोणाही गृहस्थास हेवा वाटावा!

वस्तुस्थिति काय होती? कॅराकॅला तिच्यासह जेवीत नसे कीं शयन करीत नसे, असें हेरोडियन सांगतो. २०५ मध्यें प्लॉटिआनसचा वध झाला. मुलगी लिपारी बेटावर हद्दपार झाली. २११ मध्यें सेव्हेरस वारल्यावर नव्या सम्राटानें तिला ठार करविलें.

सासूची, ज्यूलिया डोम्नाची, कथा याहून करुण. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कॅराकॅलानें आपला भाऊ व सहसम्राट गेटा यास तिच्या मिठींत असतां मारविलें. पुत्रासाठीं रडण्याचीही तिला मुभा नव्हती, असें डायो लिहितो. आणि त्याच सुमाराच्या तिच्या नाण्याच्या पाठीवर तिला 'सेनेटची माता, देशाची माता' म्हटलें आहे!

तें रुपें तरी खरें होतें काय? सेव्हेरसनें डिनेरियसमधील रुपें निम्म्याच्या आसपास आणलें होतें. २१५ मध्यें कॅराकॅलानें नवें मोठें नाणें काढलें. त्याची किंमत दोन डिनेरियस धरीत असें मानतात, वजन मात्र दीडाचें. त्यावर सम्राटाच्या मस्तकीं सूर्यकिरणांचा मुकुट, आणि सम्राज्ञीची मूर्ति चंद्रकोरीवर. ही सम्राज्ञी म्हणजे त्याची आई; पत्नी उरलीच कोठें होती?

तथापि नाण्याचा एक गुण आम्हांस मान्य केला पाहिजे. गेटाचें नांव पुसण्याचा हुकूम सुटला, तेव्हां रोमच्या फोरममधील सेव्हेरसच्या कमानीवरून तें छिनून काढून त्या जागीं दुसरे शब्द बसविले. परंतु लोकांच्या थैल्यांत गेलेलीं नाणीं परत कोण गोळा करणार? गेटाचा चेहरा त्यांवर अजून आहे. प्लॉटिलेचाही आहे, केसांच्या रेषांसुद्धां. आणि पाठीवर तें हातांत हात घेतलेलें जोडपें.