किल्ल्यातले भय, माजघरातले गुपित

रहस्यकथा म्हणजे रिकामटेकड्यांची करमणूक, असे पुष्कळांना वाटते. इतिहास निराळे सांगतो. १७६४ साली होरेस वॉल्पोलच्या ‘कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून गॉथिक कादंबरी सुरू झाली. तेथले भय परमुलखातल्या, गतकाळातल्या किल्ल्यात राही. वाचकाच्या घराला त्याचा स्पर्श नव्हता.

१८६० साली इंग्लंडातील रोड नावाच्या खेड्यात एका प्रतिष्ठित घरातल्या लहानग्याचा खून झाला. लंडनहून आलेल्या व्हिचर या गुप्त पोलिसाचा संशय त्याच घरातल्या १६ वर्षांच्या कॉन्स्टन्सवर गेला. निजताना घालायचा तिचा एक झगा नाहीसा झाला होता. लोक खवळले. माळ्याच्या मुलाने कुलीनांचे कपडे तपासावेत, हे त्यांना कसे रुचावे? पुरावा अपुरा पडला, मुलगी सुटली आणि व्हिचरची छीथू झाली. १८६५ साली कॉन्स्टन्सने स्वतःच गुन्हा कबूल केला.

१८६८ साली विल्की कॉलिन्सच्या ‘मूनस्टोन’ कादंबरीत तसाच नाहीसा झालेला झगा आला. भय आता किल्ला सोडून माजघरात शिरले होते. घराची अब्रू मोठी की सत्य, हाच रहस्यकथेचा मूळ प्रश्न होय. आणि तो केवळ इंग्लंडचा खासच नव्हे.