शहर-ए-जोहाक : बामियानच्या द्वारावरील दुर्ग

बामियान म्हटले की २००१ च्या मार्चमध्ये तालिबानने उद्ध्वस्त केलेल्या ५५ व ३८ मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती वाचकांना आठवतात. मात्र त्या खोऱ्याचे द्वार ज्याने राखले, त्या दुर्गाचा इतिहास आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. बामियानच्या पूर्वेस सुमारे १५ किलोमीटरवर, कालू व बामियान या नद्यांच्या संगमावर, तांबड्या कड्यांवर शहर-ए-जोहाकचे भग्न तट उभे आहेत. शिबर आणि हाजीगक या दोन्ही खिंडींकडून येणाऱ्या वाटा येथून दिसतात. दुर्गाचे स्थान निवडणाऱ्याची दृष्टी अचूक होती, यात शंका नाही. जोहाक हे नाव मात्र फिर्दौसीच्या शाहनाम्यातील, खांद्यांवर सर्प असलेल्या राजाचे. ते लोककथेने दिलेले आहे.

चेंगीझखानाच्या स्वारीने बामियानमधील बौद्ध धम्माचा अंत झाला, असे विधान कधी कधी वाचावयास मिळते. ते कालक्रमाशी जुळत नाही. इ. स. ६३० च्या सुमारास ह्युएन-त्संगास येथे लोकोत्तरवादी संप्रदायाचे हजारो भिक्खू आढळले. ७२७ मध्ये आलेला कोरियन भिक्खू ह्येचो येथील राजा त्रिरत्नांचा उपासक असल्याचे नमूद करतो. पुढे आठव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील शासकाने, 'शेर' ही त्याची पदवी, इस्लाम स्वीकारला. तरीही ८७० च्या सुमारास याकूब सफ्फारीने या भागातील मूर्ती लुटून बगदादला पाठविल्या. अर्थात तोवर येथे पूजास्थाने होती. धम्माचा हा ऱ्हास शतकभराहून अधिक काळ चालला.

मंगोलांनी १२२१ मध्ये जे नष्ट केले, ते मुस्लिम राज्य होते. बाराव्या शतकाच्या मध्यापासून बामियान ही घोरी घराण्याच्या एका शाखेची राजधानी होती आणि जोहाकचे आज दिसणारे बरेचसे बांधकाम त्याच काळातील मानले जाते. पुढे ख्वारिझमशहाने हे राज्य गिळले. वेढ्यात चेंगीझचा लाडका नातू मुतुगेन बाणाने ठार झाला. मंगोलांच्याच चाकरीत असलेला इतिहासकार जुवैनी सांगतो की, त्यावर माणसे, जनावरे, गर्भातील अर्भकेदेखील न सोडण्याची आज्ञा झाली आणि आपल्या काळीही तेथे वस्ती नव्हती. बामियानच्या मूर्तींसमोरील नगर शहर-ए-घोलघोला, म्हणजे आक्रोशाचे शहर, म्हणून ओळखले जाते.

मूर्ती मात्र त्या संहारातूनही उभ्या राहिल्या. २००३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात समाविष्ट केलेल्या बामियानच्या आठ स्थळांत हे दोन्ही दुर्गावशेष आहेत. जोहाकच्या कच्च्या विटांच्या तटांचे मोठे शत्रू आता पाऊस आणि वितळणारे बर्फ हेच आहेत.