तळटीप : हलक्या स्विंगची कॅसेट

* पोशेऱ्याच्या प्रकरणात लेखकाने ‘हलक्या स्विंगची कॅसेट’ एवढेच म्हटले आहे. लोकप्रिय गायकाने जुनी जॅझ गाणी पुन्हा गाण्याचा हा प्रकार लिंडा रॉनस्टॅटमुळे घरोघरी पोहोचला. रॉक गाणाऱ्या या बाईंनी १९८३ साली, फ्रँक सिनात्राच्या गाण्यांचे वाद्यसंयोजन करणाऱ्या नेल्सन रिडलला सोबत घेऊन ‘व्हॉट्स न्यू’ हा अल्बम काढला. त्यातली बहुतेक गाणी संथ आहेत. स्विंग हा जॅझचा ठेका; त्यात एका मात्रेचे दोन भाग सारखे पडत नाहीत. पहिला लांबतो, दुसरा आखडतो, साधारण दोनास एक असा. तबल्यातल्या तिश्र जातीची ओळख असलेल्या कानाला हे लगेच उमगते. गायक मात्र त्या ठेक्याला चिकटत नाही, शब्द किंचित मागे रेंगाळू देतो. ही रेंगाळण्याची कला फार अवघड, आणि सुरेल पॉप गायकांनाही ती सहज साधत नाही.

मराठी वाचकाने याच्या जवळचे काही ऐकायचे तर सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (१९५१) या हिंदी चित्रपटातली गाणी ऐकावीत. पुणतांब्याचे हे संगीतकार. ‘चितळकर’ या नावाने ते लताबाईंबरोबर स्वतः गायले. त्यांचे साहाय्यक चिक चॉकलेट, म्हणजे आल्दोना गावचे ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवत. हिंदी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत अशा गोमंतकीय वादकांची नावे फारशी आली नाहीत, म्हणून हे नाव येथे मुद्दाम नोंदवले. — संपा.